नानांचं इन्स्पेक्शन

नाना बँकेत इन्स्पेक्शनला होते. निवृत्त झाले, बँक सुटली, इन्स्पेक्शन काही सुटलं नाही. घरात वाण्याच्या बिलावर त्यांनी पहिली हरकत नोंदवली, त्याच संध्याकाळी सूनबाईंनी त्यांना दादर-चर्चगेट पास काढून दिला. तेव्हापासून काळा घोडा ते कुलाबा हा सगळा पट्टा नानांच्या अखत्यारीत आला आहे.

जहांगीर आर्ट गॅलरीबद्दल त्यांचं मत चांगलं आहे. सर कावसजी जहांगीरांच्या देणगीतून १९५२ साली उभी राहिली आणि आजही आत जायला पैसे पडत नाहीत, म्हणजे 'देणगीचा विनियोग समाधानकारक'. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टला तिकीट आहे. म्हणून तिथे गुडघे कितीही कुरकुरले तरी घुमटाखालच्या शेवटच्या दालनापर्यंत चढायचंच. मधून परतणं म्हणजे रकमेचा अपव्यय.

नाना चित्राकडे एकदम बघत नाहीत. आधी लेबल. माध्यम, साल, लांबी-रुंदी. मग खिशातून शिंप्याची टेप निघते आणि चित्राला स्पर्श न करता, चार बोटं अंतर राखून, मोजमाप होतं. वॉचमन हरकत घ्यायला पुढे येतो खरा, पण नानांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं की त्याला आपलंच मस्टर आठवतं.

मोजमापानंतर दर. 'फ्रेम धरायची नाही. तो सुपर बिल्ट-अप.' हुसेनांचं 'ग्राम यात्रा' २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला सुमारे ११८ कोटींना गेलं, तेव्हा नानांनी पेपरच्या समासातच हिशेब केला. जवळजवळ चौदा फूट लांब, तीनेक फूट उंच. म्हणजे चौरस फुटाला पावणेतीन कोटींच्या वर. 'मलबार हिल परवडलं,' ते म्हणाले, 'तिथे पार्किंग तरी मिळतं.' कातेलानच्या त्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेल्या केळ्याचं प्रकरणही त्यांनी निकालात काढलंय. बासष्ट लाख डॉलर मोजून घेतलं आणि घेणाऱ्याने चारचौघांत खाल्लं. नानांचा शेरा: 'घसारा शंभर टक्के, पहिल्याच वर्षी.'

कुलाब्यातल्या एका पांढऱ्याशुभ्र गॅलरीत लेबलावर किंमतच नव्हती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'सर, प्राइस ऑन रिक्वेस्ट.' नाना शांतपणे बाकावर बसले आणि वहीचं पान फाडून रीतसर रिक्वेस्ट लिहिली. 'विषय: चित्र क्र. ४ ची किंमत कळविणेबाबत.' खाली सही, तारीख, पत्ता, आणि पोच मागितली. मुलीने ती दिलीही. बिचारीला अर्ज ही वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच दिसत असावी.

व्हिडिओ आर्टसमोर आपण सगळे दीड मिनिट उभे राहतो, मान हलवतो आणि सटकतो. नाना बसतात. अंधाऱ्या खोलीत एक बाई भिंतीला चुना लावते आहे, लावतेच आहे. जे दृश्य चालू असताना आपण आत आलो ते पुन्हा आलं, की ओपनिंग आणि क्लोजिंग बॅलन्स जुळला. मगच वहीत बरोबरची खूण होते आणि नाना उठतात. ती कलाकृती अथपासून इतिपर्यंत पाहिलेला, कलाकार सोडला तर, दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

त्यांचं दैवत मात्र चित्रकार नाही. १९६१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातिसचं 'ल बातो' सत्तेचाळीस दिवस उलटं टांगलेलं होतं. लाखावर माणसं समोरून गेली. 'आणि सापडलं कुणाला? एका शेअरदलाल बाईला!' हे सांगताना नानांचा आवाज किंचित कापतो. समीक्षकांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. ते म्हणे कॅटलॉगमधला मजकूर वाचतात.

परवा जहांगीरमध्ये सांगलीकडचा एक तरुण आपल्या चित्रांमध्ये खुर्ची टाकून बसला होता. सगळी चित्रं काळी-तांबडी, अमूर्त. टेबलावर अभिप्राय वही. आधीच्या पानांवर 'अप्रतिम', 'शब्दच नाहीत', 'आत कुठेतरी हललं'. नानांनी ती सगळी वाचली (मागचा अहवाल वाचल्याशिवाय लिहायचं नाही, हा नियमच आहे) आणि खाली लिहिलं: 'क्र. ७ हे प्रत्यक्षात उभे असून लेबलावर आडवे आहे. क्र. ८ चे याच्या उलट. लेबलांची अदलाबदल झाल्याचे दिसते. खुलासा व्हावा.'

पोरगा उठला, दोन्ही चित्रांसमोर जाऊन आला आणि कपाळाला हात लावला. मंगळवारपासून प्रदर्शन चालू होतं आणि तो शनिवार होता. लेबलं बदलून झाल्यावर तो चहाचा आग्रह करू लागला. नाना नको म्हणाले. एक तर गॅलरीतलं समोवार कॅफे २०१५ सालीच बंद झालंय, आणि दुसरं म्हणजे तपासणीला गेल्यावर शाखेचा चहा घ्यायचा नसतो.

'बरं, पण काका,' त्याने अगदी काकुळतीला येऊन विचारलं, 'चित्रं कशी वाटली?'

नानांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली.

'ते आमच्या कक्षेत येत नाही.'