एका रात्रीचं बिऱ्हाड

गेला आठवडाभर आमच्या फाटकासमोर शेजारच्या काकूंच्या भाच्याची टेंपो ट्रॅव्हलर उभी आहे. काका-काकू तीन महिने धाकट्या मुलाकडे डेन्व्हरला राहून आले. भाच्यानं त्यांना मुंबईहून साताऱ्याला आणलं, गाडी आमच्या दारात लावली आणि स्वतः एसटीनं कोल्हापूरला गेला. तेव्हापासून आमचे हे रोज पोट आत घेऊन, स्कूटर तिरकी करून बाहेर पडतात. सातव्या दिवशी मी कढीपत्ता तोडायचं निमित्त काढलं आणि कंपाउंडच्या भिंतीशी गेले.

"काकू, जरा गाडीचं बोलायचं होतं."

"अगं, मीसुद्धा तुला गाडीचंच सांगणार होते!" काकूंनी वाटाण्यांचं ताट भिंतीवर ठेवलं. ताट भिंतीवर आलं की तासाची निश्चिंती. "आम्ही यलोस्टोनला गेलो ना, ते आरव्हीनं. घरच ते! पंचवीस फुटी. ओटा, फ्रिज, पलंग, संडास, सगळं आत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी बघितलं. त्याच बिऱ्हाडात बसून वाटाणे सोललेत मी."

मी म्हटलं, "मग मुक्कामाला हॉटेल नको."

"हॉटेल नको, पण गाडी लावायला जागा नको का? तिथं कॅम्पग्राउंड असतात, वीज-पाण्याची जोडणी देतात. पण सीझनला साठ-सत्तर डॉलर मोजा, तेही जागा मिळाली तर. नुसतं सहा-सात तास झोपायचं, त्याला एवढे पैसे? मग लोक वॉलमार्टच्या आवारात लावतात. फुकट."

"फुकट? आणि दुकानदार काही म्हणत नाही?"

"तो का म्हणेल? ही आमची चांगली गिऱ्हाइकं, असं कंपनीच म्हणते. रात्री दारात गाडी लागली की माणूस दूध-पाव घ्यायला आत शिरणारच. आमच्या काकांनी तर गरज नसताना दोन टॉर्च घेतले. पण गंमत अशी, की हो म्हणायचं की नाही हे त्या त्या दुकानाचा मॅनेजर ठरवतो. आणि दुकान त्यांचं असलं तरी गावाचा कायदा गावाचा. किती गावांत रात्री गाडीत झोपायला बंदी असते, दिव्याच्या खांबावर पाटीच लावलेली असते. मुलानं दुपारीच फोन केला, तर पहिल्या दुकानानं सरळ नाही म्हटलं. दुसरं हो म्हणालं. तरी पोचल्यावर हा आत काउंटरवर जाऊन परत विचारून आला, कोण हो म्हणालं त्याचं नाव लिहून ठेवलं. विचारल्याशिवाय लावायची नाही म्हणजे नाही."

"विचारल्याशिवाय लावायची नाही," मी जरा मोठ्यानं म्हटलं आणि फाटकाकडे पाहिलं. काकूंनी वाटाण्याकडे पाहिलं.

"आणि दाराशी नाही लावायची हं! लांब, पार कडेला. गिऱ्हाइकांच्या जागा अडवायच्या नाहीत. दुकानामागं मालाचे ट्रक लागतात, तिकडं तर फिरकायचंसुद्धा नाही. आता आमची फजिती ऐक."

फजिती काकांची होती, म्हणून काकूंचा आवाज चढला. काका आत पेपर वाचत असावेत, कारण पेपर खाली झाल्याचा आवाज आला.

"संध्याकाळी मी आत पोह्यांना फोडणी घातली. मोहरी तडतडली आणि धुराचा भोंगा असा बोंबलला की विचारू नकोस. हे म्हणाले, बाहेर करू. काढली शेगडी बाहेर, काढल्या घडीच्या खुर्च्या, सतरंजी अंथरली, वरून कापडी छत ओढलं. वायोमिंगचा तो वारा, समोर मोकळं माळरान, यांना वाटलं आपण महाबळेश्वरला आलोय! तेवढ्यात शेजारच्या आरव्हीतून एक आजी आल्या. पंचाहत्तरीच्या असतील, एकट्या फिरत होत्या. गोड हसल्या आणि म्हणाल्या, ही कॅम्पिंगची जागा नाही, पार्किंगची आहे."

"अगंबाई!"

"मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आजींनी बसून सगळं समजावलं. खुर्च्या मांडायच्या नाहीत, छत ओढायचं नाही, शेगडी पेटवायची नाही. काही गाड्यांची भिंतच ड्रॉवरसारखी बाहेर सरकते, खोली मोठी होते. तीसुद्धा शक्यतो सरकवायची नाही. गाडी समतल करायला खाली जॅक टेकवतात, तर उन्हानं तापलेल्या डांबरात त्यांचे पाय रुततात आणि खड्डे पडतात. भुर्दंड दुकानाला. रात्री जनरेटर घरघरत ठेवायचा नाही. आणि मुक्काम एकच रात्र. आरव्हीवाल्यांचा एस्केपीज नावाचा जुना क्लब आहे म्हणे, 1978 सालचा, त्यांनी हे सगळं चांगल्या शेजाऱ्याचे नियम म्हणून लिहूनच ठेवलंय."

"एकच रात्र," मी म्हटलं.

"एकच. दहा जण नीट राहतात, अकरावा आठवडाभर तळ ठोकतो, कचरा टाकून जातो, की लागलीच पाटी. एकदा पाटी लागली की ती काही उतरत नाही. आजी म्हणाल्या, मी ज्या आवारांत वर्षानुवर्षं झोपले त्यातली किती तरी अशीच बंद झाली."

इथं काकूंनी आवाज खाली आणला. गप्पांमध्ये आवाज खाली आला की विषय एक तर सुनेचा असतो, नाही तर संडासाचा.

"त्या गाडीला पाण्याच्या तीन टाक्या. एक चांगल्या पाण्याची, एक बेसिन-आंघोळीच्या सांडपाण्याची, आणि तिसरी... तिला काळी टाकी म्हणतात. मी म्हटलं, अंदमानला न जाता काळं पाणी नशिबी आलं! ती रिकामी करायला ठरलेल्या जागा असतात, ट्रकांच्या मोठ्या थांब्यांवर पैसे भरून करता येते. आवारातल्या गटारात सोडली तर दंड. त्या पाइपाला यांनी हात लावला नाही, सगळं मुलानं केलं. सून उगाच फोनवर बोलत लांब उभी."

(म्हणजे विषय दोन्ही होते.)

"मग ट्रकांच्या थांब्यावरच का नाही झोपायचं?"

"तेच मी विचारलं. तर म्हणे, ट्रकवाल्यांच्या जागेत घुसणं हे पापच. तिथं ट्रकवाल्यानं दिवसाला अकरा तासच चालवायचं, मग दहा तास सक्तीची विश्रांती, असा कायदा. वेळ संपली आणि जागा नसली तर त्या बिचाऱ्यानं चाळीस टनांचं धूड न्यायचं कुठं? त्यापेक्षा क्रॅकर बॅरल बरं. हायवेच्या कडेची हॉटेलं, ओसरीवर झुलत्या खुर्च्यांची रांग. बऱ्याच ठिकाणी बस-आरव्हीला लांब जागा आखलेल्या असतात. विचारायचं, झोपायचं, सकाळी तिथंच नाश्ता करायचा. काका त्या खुर्चीतून उठेनात."

मग काकू जरा थांबल्या. "मला त्यात नवल नाही वाटलं हं. माझं माहेर लोणंदचं. माउलींची पालखी यायची तेव्हा आमच्या अंगणात दिंडी उतरायची. विणेकरी आधी दादांना विचारायचा, मग ट्रक आत यायचा. पहाटे निघताना बायका अंगण झाडून, सडा घालून जायच्या. आई म्हणायची, पुढच्या वर्षीची जागा आत्ताच राखली बघ यांनी. आपल्याकडं 2021 साली सरकारनं कॅराव्हॅनचं धोरण काढलंय, पण त्याआधीपासून वारकऱ्यांना हे ठाऊक होतं."

वाटाणे संपत आले होते. आता नाही तर कधीच नाही.

"काकू, मी म्हणत होते ती गाडी म्हणजे आमच्या फाटकासमोरची. सहा रात्री झाल्या."

"ती होय!" काकू खळखळून हसल्या. "अगं, ती काय परक्याची आहे? आपल्याच दारात आहे. आणि तुम्ही तर घरचेच. उद्या येतो म्हणालाय तो. हे घे, वाटाणे ने उसळीला."

वाटाणे घेऊन मी परत आले. आतून काकांनी पेपर पुन्हा वर केल्याचा आवाज आला.

हे लिहीपर्यंत आठवी रात्र झाली. गाडी तिथंच आहे. तरी एक कबूल करायला हवं: जॅक लावलेले नाहीत आणि खुर्च्याही मांडलेल्या नाहीत.