बॅकअपची लीळा

‘माझ्याकडे बॅकअप आहे’ हे वाक्य मी ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात आमच्याकडे लोक ‘पाच एकर ओलिताची आहे’ म्हणतात. अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांमधले राउटर आणि स्विच माझ्या ताब्यात. रनिंग-कॉन्फिग रॅममध्ये असते, सेव्ह केली नाही तर लाइटीबरोबर जाते, एवढं आता पोरासोरांनाही कळतं. पण सिस्कोच्या स्विचवर व्हीलॅनची यादी सहसा फ्लॅशमधल्या वेगळ्याच फायलीत असते, आणि ‘शो रन’ आरएसएची खासगी चावी दाखवतच नाही. नुसती कॉन्फिग उतरवून ‘झाला बॅकअप’ म्हणणारा माणूस मला अर्धवट वाटतो. मी सगळं घेतो. हे सांगताना माझी मान थोडी वर जाते, असं बायको म्हणते.

तसा हा विषय आम्हा वऱ्हाडकरांच्या घरचाच. तेराव्या शतकात रिद्धपूरला म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या. ज्याने पाहिलं-ऐकलं त्याला गाठायचं, खोदून विचारायचं, नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. अहो, एक प्रत दुसऱ्या गावी नको? (इथे मी टेबलावर हात आपटतो. ऐकणारे तोवर उठलेले असतात.) मग अनुयायांनी आठवणीतून लीळाचरित्र पुन्हा उभं केलं, त्यांतल्या हिराइसेची स्मरणशक्ती फार कामी आली. पाठभेद झाले, पण रिस्टोर झालं! शिवाय चक्रधरांच्या पंथाच्या पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत, म्हणजे एन्क्रिप्शनही आलं. ऑडिटवाल्यांनी आणखी काय मागावं?

आमचे साहेब मात्र विचारतात, ‘‘लाइट लुकलुकतात ना? मग बॅकअप कशाला?’’ याच अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ साली ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत पडलं, गिनीज विक्रम झाला. हार्ड डिस्कसाठी दिलेला माझा अर्ज त्याच्याही आधीचा आहे.

अकोल्याच्या कचेरीत केबल ओढणारे भाऊ आता दिवाळीला निवृत्त होतायत. कोणती केबल कोणत्या भिंतीत शिरते हे माझ्या एकाही फायलीत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर सरपटत ते सगळं या माणसाने डोक्यात साठवलं. वरच्यांना निरोपाची शाल तेवढी आठवली. याचा मला खरंच संताप येतो.

म्हणून वही घेऊन त्यांच्यापुढे बसलो.

‘‘भाऊ, सोळा नंबर?’’

‘‘क्याशरचा. पन क्याशर आता तिथं बसत नाई. एसीचं पानी गयते.’’

‘‘आणि सतरा?’’

‘‘त्याले हात नोका लावू बाप्पा.’’

‘‘काहून?’’

‘‘लावला होता एकानं.’’

पुढे काही सांगेनात. चहा आला. मी लिहून घेतलं, ‘सतरा : हात लावू नये.’ तेवढ्यात मागून मदतनीस पोरगा म्हणाला, ‘‘भाऊ, तो सतरा नाई, अठरा हाय.’’

भाऊंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मी दोन्ही पाठ उतरवून घेतले.