मिरजेला कशाला गेला होतात?

"शैला, अगं, मिरजेत फ्लॅट घेताय म्हणे. समोरची सुलभा सांगत होती. पहाटे रिक्षा आली, विलासच्या हातात फाइल, चेहरा उतरलेला. कर्जाचं काम असणार, म्हणाली."

"सुलभाताई पहाटे जाग्या असतात?"

"तिला झोपच नाही. ते जाऊ दे. केवढ्याला पडला?"

"फ्लॅट नाही हो काकू. ह्यांची कोलोनोस्कोपी होती."

काकूंनी कढीपत्त्याची डहाळी कुंपणाच्या भिंतीवर ठेवली. म्हणजे आता बैठक लांबणार.

"ती मागून नळी घालतात ती? अगंबाई! काय झालं विलासला?"

"काही झालेलं नाही, म्हणूनच केली. पुण्याचे मोठे भाऊजी आठवतात ना? शौचाला रक्त पडायचं. मूळव्याध, मूळव्याध म्हणत दीड वर्ष काढलं. 'बिना ऑपरेशन' अशी पाटी लावलेल्या एकाकडून चूर्ण आणायचे. त्यानं कधी तपासलं नाही आणि भाऊजींनीही लाजेपायी कुणाला तपासू दिलं नाही. शेवटी पोट साफ होईना, वजन उतरलं, तेव्हा कळलं. गुदाशयाचा कॅन्सर. आता पोटावर पिशवी आहे."

"पिशवी? सत्यनारायणाला आले होते तेव्हा तर काही दिसलं नाही!"

"शर्टाच्या आत असते काकू. दोन वाट्या शिरा खाल्ला की त्यांनी, बरे आहेत. पण त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्या. चाळिशीला, नाहीतर घरच्या माणसाला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा. भाऊजींना ५२ला निघाला. म्हणजे ह्यांनी ४०लाच करायला हवी होती. हे आता ४७."

"पण विलास माळकरी! मटण नाही, दारू नाही."

"मटण, दारू, तंबाखूनं धोका वाढतो हे खरंच. सॉसेज, बेकन असल्या मांसाला तर २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं सरळ कॅन्सरकारक ठरवलं. पण माळ घातली म्हणून वय वाढायचं थांबतं का? आणि भाऊ तर सख्खाच राहतो."

"निघालं का काही?"

"दोन पॉलिप. आतड्याच्या अस्तरावर चामखिळीसारखे वाढतात. हा कॅन्सर बहुतेक वेळा त्यातूनच होतो, पण व्हायला दहाएक वर्षं जातात. सगळ्या पॉलिपांचा होतही नाही. ह्यांचा एक सेंटीमीटरभराचा होता. नळीतूनच तारेचा फास टाकून तिथल्या तिथे काढला. रिपोर्ट काल आला, कॅन्सर नाही. तीन वर्षांनी परत बोलावलंय. भाऊजींचाही कधीतरी एवढाच असेल हो, काकू."

काकू क्षणभर गप्प. मग हळूच, "दुखलं का?"

"झोपेचं इंजेक्शन देतात, कळत नाही. खरा त्रास आदल्या रात्री. आधी दोन-तीन दिवस भाकरी, पालेभाजी, पेरू बंद. मऊ भात आणि ताक. मग नुसतं पातळ. रात्री पावडर कालवलेलं ते पाणी, दोन लिटर! चव विचारू नका. रात्रभर हे आत आणि मी दाराबाहेर. शहाळं, लिंबाचं सरबत चालतं. कोकम सरबत नाही."

"का बरं? कोकम तर थंड."

"लाल असतं ना. आत बघताना रक्तासारखं दिसतं."

"हो का! आणि तो इरफान खान, तोही यानंच गेला ना?"

"नाही, त्याचा न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर, तो वेगळा. यानं गेला तो ब्लॅक पँथरवाला, चॅडविक बोसमन. २०२०मध्ये, अवघा ४३चा. आमच्या पोरानं दोन दिवस स्टेटस ठेवलं होतं. आणि अमेरिकेत केटी कुरिक म्हणून टीव्हीवरची बाई आहे, तिचा नवरा ४२व्या वर्षी यातच गेला. तर हिनं २००० साली स्वतःची कोलोनोस्कोपी टीव्हीवर दाखवली."

"टीव्हीवर!"

"सकाळच्या कार्यक्रमात. त्यानंतर तिकडे तपासणीला येणारे वाढले."

"आणि आमच्या सुलभाला फाइल दिसली तरी फ्लॅट सुचतो."

"न्यू जर्सीच्या वन्सं म्हणाल्या, तिकडे घरात कुणाला नसला तरी ४५पासून तपासा म्हणतात. पूर्वी ५० होतं. शौचाचा नमुना काडीवर घेऊन डबीतून पाठवायचा, डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्यात सापडतं. सापडलं तर मात्र नळी. त्या सख्खी बहीण, म्हणून त्यांना थेट नळीच. आपल्याकडे सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख आहे, हे नाही. आपलं आपणच विचारायचं."

काकूंनी कढीपत्ता पुन्हा हातात घेतला आणि पानं खुडू लागल्या. "डोळ्यांना न दिसणारं रक्त म्हणालीस ना? माझं हिमोग्लोबिन आठ आलंय. लोह कमी, म्हणाले. गोळ्या घेते, चढतं, परत उतरतं. जिना चढले की धाप लागते."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? तुमची पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"बारा होतील."

"मग रक्त जातं कुठं काकू? आतड्याच्या उजव्या बाजूला असं काही असलं तर बाहेर लाल दिसतच नाही म्हणे, नुसता अशक्तपणा येतो. अल्सरही असेल, दुसरंही काही असेल. पण गोळ्या गिळत बसण्यापेक्षा डॉक्टरांना एवढं तरी विचारा, की लोह कमी का होतंय."

"गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्यामुळे मला तर काही समजतच नाही."

"म्हणून तर दाखवायचं."

"ह्यांना सांगू नकोस. उगाच घाबरतील आणि मलाच त्यांचा बीपी बघत बसावं लागेल. सोबत कुणी लागतं का गं?"

"आधी साधं दाखवून येऊ. नळी घालायची ठरली तर सोबत लागतंच. गुंगी असते, एकटीला सोडत नाहीत. मी येईन."

"मग शुक्रवारचीच वेळ घे. गुरुवारी तसाही माझा उपास असतो."

"काकू, साबुदाण्याची खिचडी चालत नाही त्यात. शेंगदाण्याचं कूट तर मुळीच नाही."

"मग तो कसला मेला उपास!"