सर्वपक्षीय मत्स्यालय

घरात मासे पोहत असले की रक्तदाब उतरतो, असे मी कुठेतरी वाचले होते. रक्तदाब नेमका कोणाचा, ते तिथे लिहिलेले नव्हते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी पेटी घेतली आणि मासे आणायला सुरत गाठली. निवड करताना मी सर्वपक्षीय मंत्रिमंडळाचे धोरण ठेवले. रंगासाठी निऑन टेट्रा, रुबाबासाठी एंजल, चळवळे म्हणून टायगर बार्ब, सौ.साठी गोल्डफिश आणि काच चाटायला एक सकर. परतीच्या गाडीत शेजारच्या बाबांनी पिशव्या न्याहाळून विचारले, "हाऊ मासा खावाना शे का देखाना?" 'देखाना' म्हटल्यावर त्यांनी तोंड फिरवले ते नवापूरपर्यंत. नवापूरच्या फलाटावर निम्मे गुजरातेत आणि निम्मे महाराष्ट्रात असलेले बाकडे आहे. माशांनी तिथे राज्य बदलले; दैव बदलायला घर यायचे होते.

पेटी घासूनपुसून लख्ख केली होती, तीच नडली. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत, फिल्टरमध्ये रुजायला महिना-दीड महिना लागतो. तोवर एखाददुसरा मासा ठेवायचा असतो. मी एका संध्याकाळी अख्खे मंत्रिमंडळ शपथविधीला उतरवले.

निऑन अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले. त्यांना मऊ, किंचित आम्ल पाणी लागते. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीलासुद्धा पांढरी पुटे चढतात. त्यातूनही जे तगले, ते रात्री एंजलने गिळले. यात त्याचा दोष नाही, लहान मासे हाच त्याचा आहार. एंजलच्या लांब परांच्या चिंध्या टायगर बार्बनी केल्या. गोल्डफिशला गारवा हवा आणि बाहेर नंदुरबारचा मे. मी बर्फाचे खडे सोडत बसलो. सौ. म्हणाली, "मला मेलं साधं सरबतसुद्धा विचारलं नाहीत!"

अखेर पेटीत उरला सकर. तेव्हा गल्लीतल्या आरोग्यसेवकाने बाटलीभर गप्पी आणून दिले, फुकट. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे भिंतीवर वाचत मी लहानाचा मोठा झालो, पण सरकारी मासा दिवाणखान्यात ठेवणे मला कमीपणाचे वाटत होते. गप्पीला आमचे जड पाणी मानवले. त्याची मादी अंडी घालत नाही, साधारण महिन्याला थेट पिल्ले देते. त्यातली काही स्वतःच खाते, तरीही पेटीत पाण्यापेक्षा गप्पीच जास्त दिसतात.

तेव्हा ज्यांना हवे असतील त्यांनी रुंद तोंडाची बरणी घेऊन यावे. सकरही देऊन टाकायचा आहे, वाढून तो फूटभर होतो. फक्त तो तापीत किंवा तळ्यात सोडू नका. मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा पाहुणा आपल्या नद्यांत आधीच ठाण मांडून बसला आहे.