फक्त वर जाणाऱ्यांसाठी

माणूस दोन पायांवर उभा राहिला याचं कौतुक सगळ्यांना. पावती फाटली ती पोटरीतल्या शिरांच्या नावावर. नुसतं उभं राहिलं तरी हृदयापासून खालचा रक्ताचा सगळा स्तंभ घोट्यावर रेलतो. दाब पाऱ्याचे साधारण 90 मिलिमीटर, म्हणजे सव्वा मीटर पाण्याइतका. चालू लागलं की पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, रक्त वर चढतं आणि शिरांतल्या दोन पाकळ्यांच्या झडपा त्याला माघारी फिरू देत नाहीत.

पादुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञानं 1603 साली या झडपांची सुरेख चित्रं छापली आणि ठरवलं, की रक्तानं पायाकडे फार धाव घेऊ नये म्हणून ही सोय. त्याच्या शिष्यानं, विल्यम हार्वेनं, 1628 मध्ये दंडाला पट्टी बांधून रक्ताची खरी दिशा दाखवली, तीही गुरूच्याच चित्रांच्या आधारे. गुरुदक्षिणेचा हा प्रकार मला भारी आवडतो.

झडपा गळू लागल्या की शिरा फुगतात, घोट्याजवळच्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. म्हणून कृत्रिम झडपा. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोल गोठवून-वितळवून लवचीक जेल केलं, त्याच्या झडपा घडवल्या. मग परीक्षा सुरू. अपेक्षा सोसायटीच्या वॉचमनकडून असते तशीच: बाहेर जाणाऱ्याला अडवायचं नाही, आत येणाऱ्याला सोडायचं नाही. जरासा दाब आला की झडप उघडली पाहिजे, आणि उलटा दाब कितीही आला तरी गळता कामा नये. झडप नळीत बसवतात, आणि नळीतलं पाणी रक्ताइतकं दाट व्हावं म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. मग पंप लावून लाखो वेळा उघडझाप. एक अदृश्य गृहस्थ प्रयोगशाळेत रात्रंदिवस चालतोय आणि कुठेच पोचत नाहीये!

पण ग्लिसरीन गोठत नाही, रक्त गोठतं. हृदयाच्या झडपेतून रक्त जोरात जातं. पायाच्या शिरेत ते रेंगाळतं, पाकळीमागच्या कोपऱ्यात तर बैठकच मारतं, आणि गुठळी धरते. यंत्रावर पहिल्या वर्गात पास झालेली झडप इथे नापास होऊ शकते. म्हणून पुढची पायरी मेंढीच्या शिरेत झडप बसवून पाहण्याची. मेंढी बिचारी चांगली परीक्षक. फक्त ती चार पायांवर असते, आणि रेशनच्या रांगेत दोन तास उभं राहायची वेळ तिच्यावर येत नाही.