रामगिरी पाहिलं का जी?

ऐकलं का? डिसेंबरात माणसं नागपूरला संत्र्यांसाठी येत नाहीत म्हणे आता. बंगले बघायला येतात. बंगले! आणि तेही बाहेरून!

रामगिरी म्हणजे मुख्यमंत्र्यांचा नागपुरातला बंगला. वर्षभर आम्ही सिव्हिल लाइन्समधून स्कूटर दामटतो, पण तिकडे मान वळवून बघत नाही. बघायचं तरी काय? फाटक, पहारेकरी, झाडं. पण विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की बांधकाम खात्याचे रंगारी शिड्या टेकवतात, भिंती उजळतात, आणि पाठोपाठ जळगाव, नांदेड, साताऱ्याच्या गाड्या थडकतात. गळ्यात पक्षाचा गमछा, काखेत निवेदनाची प्लास्टिकची फाइल. ‘साहेबांकडे जरा काम होतं.’ काय काम, ते विचारायचं नसतं. फाइल उघडी पडली तर आतून हॉटेलचं बिल निघायचं!

२८ सप्टेंबर १९५३ला नागपूर करारावर सह्या करणाऱ्या मोठ्या माणसांना याची कल्पना तरी होती का हो? विदर्भाचे प्रश्न विदर्भात मांडले जावेत म्हणून वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं. सिंचनाचा अनुशेष राहिला तो राहिलाच. फोटोंचा मात्र व्याजासकट भरून निघाला.

अन् २०२४चं तर विचारूच नका. १५ डिसेंबरला इथल्या राजभवनावर एकदम ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी अधिवेशन सुरू. एकेका मंत्र्यामागे सगळा तालुका! मंत्री उतरतात त्या रविभवनात कॉटेजवर नावाची पाटी ठोकणाऱ्याला म्हणे हातोडी उचलायला जागा मिळेना, कारण पाटीशेजारी उभं राहून आधीच कोणीतरी दोन बोटं दाखवत होतं. उपमुख्यमंत्री दोन झाल्यापासून तर त्यांच्या देवगिरी बंगल्याच्या जोडीला विजयगडही आलं. म्हणजे तिथेही एक चक्कर नको का?

दिल्लीत राष्ट्रपती भवन नोंदणी करून रीतसर आतून बघता येतं. मुंबईच्या राजभवनातलं भुयार २०१६ मध्ये सापडलं, त्याचंही पुढे संग्रहालय झालं. इथे मात्र फाटकावर समाधान. पण समाधान किती, तर बघणाऱ्यालाच लाज वाटावी!

त्यातही गंमत ऐका. यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवतात. अंगणवाडीच्या बाया, विनाअनुदानित शाळांचे मास्तर, ज्यांचं खरोखर काम असतं ते सगळे तिथे कठड्याला टेकून, दिवसभर उन्हात. आणि ज्याचं काडीचंही काम नाही तो ओळखीच्या ओळखीने पास काढून विधान भवनाच्या पायऱ्यांवर उभा! केस विंचरून. वर घरी फोन: ‘आत्ताच साहेबांना भेटून निघालो.’ साहेब सभागृहात, हा कँटीनमध्ये.

पुढचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी तर्री पोहा, दुपारी दीक्षाभूमी, संध्याकाळी फुटाळा, रात्री सावजी, आणि दुसऱ्या दिवशी पोटावर हात ठेवून संत्रा बर्फीची खरेदी. प्रश्नोत्तराचा तास? तो कधी असतो जी?

आम्ही नागपूरकर अर्थातच यातले नाही. ‘काय बाप्पा, गेट काय पाहून राहिले हे लोकं!’ असं म्हणून आम्ही नाक मुरडतो. मग पुण्याची साळी येते, आणि आम्हीच गाडी काढून, काच खाली करून सांगतो, ‘हे बघ, हे रामगिरी. हळू चालवतो, नीट बघून घे.’

एका कार्यकर्त्याने तर म्हणे काही वर्षांत एकाच देवगिरीसमोर तीन फोटो काढलेत. बंगला तोच, झाडं तीच, हसूही तेच. गमछे तेवढे तीन रंगांचे. यातला कोणता व्हॉट्सअ‍ॅपला लावायचा, ते तो मंत्रिमंडळाचा पुढचा विस्तार झाल्यावर ठरवणार आहे.