‘पुढं बघू’चा तह

इस्रायल-पॅलेस्टाइनच्या बोलण्यांची बातमी आली की आमच्या जुन्नरकडं पारावर एकच वाक्य ऐकू येतं : “किती दिवस टिकतंय बघू.” या माणसांना शांतता नको आहे, असं कुणी समजू नये. तह कसे होतात आणि कसे मोडतात, हे या मुलखानं सोसून शिकलेलं आहे.

शिवनेरी चढून बघा. एकामागं एक सात दरवाजे. एवढा बंदोबस्ताचा किल्ला १६३६ मध्ये मोगलांकडं गेला तो तहात. माहुली किल्ल्याच्या वेढ्यात सापडलेल्या शहाजीराजांना तो सोडून द्यावा लागला. शिवरायांचा जन्म जिथं झाला, तो किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. पुढं १६६५ ला पुरंदरच्या तहात मोगलांना २३ किल्ले द्यावे लागले, आणि १६७० मध्ये महाराज ते परत घ्यायला निघाले. मान मुरगळून घेतलेला तह एवढाच टिकतो.

दुसरा धडा शेजारच्या आंबेगावचा. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे, ते गाव डिंभे धरणात बुडालं. तालुक्याची कचेरी घोडेगावला. पाणी उतरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांनी का दिली, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ‘तुमचं पुढं बघू’ या शब्दांत किती घरं बुडतात, ते इथल्यांना ठाऊक आहे.

इस्रायल-पॅलेस्टाइनच्या ऑस्लो करारात नेमकं हेच झालं. १३ सप्टेंबर १९९३ ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी हात मिळवले. पण सीमा, जेरुसलेम, निर्वासित, पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहती हे सगळे कळीचे प्रश्न पुढं ढकलले. मधल्या काळात बंदूकवाल्यांनी डाव साधला. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनला एका ज्यू अतिरेक्यानं नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. एप्रिलमध्ये हमास या पॅलेस्टिनी संघटनेनं इस्रायलमध्ये बसवर बॉम्बहल्ले केले. ४ नोव्हेंबर १९९५ ला खुद्द राबिन यांचा खून झाला, तोही एका ज्यू तरुणाच्या हातून. वसाहती मात्र वाढतच राहिल्या. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली गेली, आणि त्यानंतर गाझात हजारो कुटुंबं ढिगाऱ्याखाली गेली.

म्हणून शंका घेणाऱ्याला शांततेचा वैरी ठरवू नका. इस्रायलच्या अश्दोद शहरात सायरन वाजला की आपली मराठी बोलणारी, बेने इस्रायल या ज्यू समाजातली आजीसुद्धा आसऱ्याला पळते. गाझातली आई तंबूत लेकरं कवटाळून बसते. दोघींची भीती खरी आहे. एकीची भीती मोजायची आणि दुसरीची सोडून द्यायची, असा तह टिकणार नाही.

पण शंका आहे म्हणून बैठकच उधळायची, हेही मला मान्य नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये भारत-पाकिस्तान परराष्ट्र सचिवांची बोलणी जाहीर होतात न होतात, तोच १३ तारखेला आपल्या पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला. १७ जीव गेले. तरी २५ तारखेला दिल्लीत बैठक झाली. हाती फारसं लागलं नाही, पण बोलायचं की नाही हे बॉम्ब ठेवणाऱ्यानं ठरवलं नाही. हे बरोबरच झालं.

माझं म्हणणं एवढंच : कळीचं आधी लिहा. शस्त्रं कोण, कधी खाली ठेवणार? वसाहती कुठं थांबणार? उखडलेल्यांना घर कुठं मिळणार? शब्द मोडणाऱ्याला जाब कोण विचारणार? तारखा घालून लिहा. हात मिळवतानाचे फोटो त्यानंतर काढा. आमच्या पारावरची माणसं फोटो बघणार नाहीत, पहिलं कलम कोणतं ते विचारतील.